मुंग्या

आपल्याकडे भरपूर जेवणारा माणूस कौतुकाचा धनी असतो. लग्नाच्या पंगतीत चार जिलब्या खाणाऱ्याकडे कुणी ढुंकून पाहत नाही, पण बारावी-तेरावी जिलबी पानात पडू लागली की वाढप्याला हुरूप चढतो, शेजारच्यांचे हात थबकतात आणि यजमान स्वतः पुढे येऊन "अरे, इकडे आणा ती परात!" म्हणून ओरडतात. २०१७ साली, मी आठवीत असताना, मामाच्या लग्नात मी एकवीस जिलब्या खाल्ल्या. एकविसावी संपली तेव्हा मांडवात टाळ्या पडल्या. घरी आल्यावर मावशीने मीठ-मोहऱ्यांनी माझी दृष्ट काढली, आणि त्या दिवसापासून साऱ्या गणगोतात माझे नाव 'भीम' पडले. मला त्या नावाचा राग नव्हता. अभ्यासात बेताचा, खेळात त्याहून बेताचा असा मी चारचौघांत ओळखला जाऊ लागलो तो या एका गुणामुळे; मनातून मला त्याचा अभिमानच होता.

वाचकहो, आज मला ज्या खाण्याविषयी लिहायचे आहे ते हे खाणे नव्हे. पंगतीत उजेड असतो, माणसे असतात, आग्रह असतो, आणि पोट भरले की पानावर हात आडवा धरून "पुरे" म्हणता येते. मी लिहिणार आहे ते अंधारातल्या खाण्याविषयी. तिथे आग्रह करणारे कुणी नसते, आणि "पुरे" हा शब्द तर मुळी तोंडातून फुटतच नाही.

असा विषय वार्षिक अंकासाठी घ्यावा की नाही, यावर मी बरेच दिवस विचार केला. अंकाचे काम पाहणाऱ्या एका मित्राला विषय सांगितला, तेव्हा तो आनंदाने म्हणाला, "वा! यंदा विनोदी लेख कमीच आहेत." त्याचे चुकले असे मी म्हणणार नाही. खादाड माणूस म्हटला की आपल्याला हसूच येते. मीही हसत आलो आहे. पण त्याच्या त्या उद्गारानेच माझा लिहिण्याचा निश्चय पक्का झाला.

प्रारंभ कधी झाला ते मला नीट सांगता येते. २०२० च्या टाळेबंदीत आम्ही सारे घरात कोंडलो गेलो. अकरावीचे वर्ष मोबाइलच्या पडद्यासमोर बसून गेले. हालचाल नाही, मित्र नाहीत, वडिलांचे काम बंद पडलेले आणि घरात दिवसभर एक न बोललेली चिंता. माझे वजन वाढले. बारावीला महाविद्यालय पुन्हा भरू लागले, तेव्हा एका शिक्षकांनी मैदानावर सगळ्यांदेखत मला 'ढोल' म्हटले. मुले हसली, मीही हसलो, आणि त्याच रात्री मी जेवलो नाही. 'भीम' आणि 'ढोल' यांत देहाचा फरक काहीच नव्हता, फक्त बघणाऱ्यांची दृष्टी बदलली होती. पण तेवढ्याने मी माझ्या देहाचा शत्रू झालो.

तीन दिवस मी जवळजवळ उपाशी राहिलो. चौथ्या रात्री सगळे झोपल्यावर पाणी प्यायला म्हणून उठलो आणि स्वयंपाकघरात उभ्या उभ्या खाऊ लागलो. आधी उरलेला भात खाल्ला. मग गार भाकरी, मग गूळ, मग डब्यातले कच्चे पोहे. मला चांगले आठवते, पोह्यांची चव कशी लागते याकडे माझे लक्षच नव्हते. एक घास गिळायच्या आत दुसरा हातात असे. जणू कुणी पाठीमागे उभे आहे आणि डबा हिसकावून घेणार आहे, अशा घाईने मी खात होतो. थांबावेसे वाटत होते. थांबता येत नव्हते. पोट दगडासारखे झाले, श्वास लागेनासा झाला, तेव्हाच हात थांबला. मग अंथरुणावर पडून मी स्वतःला शक्य त्या साऱ्या शिव्या दिल्या आणि शेवटी नेहमीचा तो शब्द उच्चारला: "उद्यापासून."

या 'उद्यापासून'ने पुढची दोन वर्षे माझा पिच्छा पुरवला. जून २०२२ मध्ये मी सातारला या महाविद्यालयात आलो, वसतिगृहात राहू लागलो. घरची पाळत गेली आणि रोगाला मोकळे रान मिळाले. आठवड्यातून दोन, कधी तीन रात्री तो प्रकार होई. रविवारी दुपारी मेसमध्ये फीस्ट असे. मी सगळ्यांसमोर दोन पुऱ्या आणि चमचाभर श्रीखंड घेई. "अरे, भीम डाएटवर!" म्हणून मुले चेष्टा करीत. रात्री मेस बंद असे. तेव्हा मी बसस्थानकाजवळच्या दुकानातून बिस्किटांचे पुडे, भडंग, फरसाण असे काहीबाही घेऊन येई. एकाच दुकानातून सारे घेतले तर दुकानदार काय म्हणेल म्हणून तीन दुकाने फिरे. "मित्रांसाठी नेतोय," असे कुणी न विचारताच सांगे. खोलीतला सोबती झोपला की मी पिशवी उघडी. प्लॅस्टिकचा पुडा न वाजता फाडण्याची एक कला असते. ती मला साधली होती. सकाळी रिकामे पुडे पिशवीत कोंबून दूरच्या कचराकुंडीत टाकून यायचे, खर्चाचा हिशेब घरी सांगताना झेरॉक्सच्या नावावर घालायचा, आणि मग दिवसभर काही खायचे नाही, हा क्रम ठरून गेला.

उपाशी राहायला आपल्याकडे निमित्ताची वाण नाही. मी सोमवार धरला, गुरुवार धरला, एकादशा धरल्या. आणि त्या साबुदाण्याच्या खिचडीच्या नव्हेत, तर निरंकार. आईला कोण आनंद झाला! पोरगा बाहेर राहून बिघडला नाही, उलट देवाधर्माला लागला, असे ती शेजारणींना सांगे. तिच्या त्या आनंदाची मला फार लाज वाटे. कारण माझा एकही उपास दुसऱ्या दिवसाची पहाट पाहत नसे. 'एकादशी आणि दुप्पट खाशी' ही म्हण आपण ढोंगी माणसाला उद्देशून वापरतो. मीही स्वतःला ढोंगीच समजत होतो. त्या म्हणीत केवढे शास्त्र दडले आहे, हे मला पुष्कळ पुढे कळले.

माझ्या लाजेला आणखी एक कारण होते, आणि ते म्हणजे माझी आजी. १९७२ च्या दुष्काळात ती ऐन तारुण्यात होती, पदरी दोन लेकरे होती. रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायचे, तिथे मिळणारी सुकडी लेकरांना चारायची, आणि घरी परदेशातून आलेल्या लाल मिलोची भाकरी गिळायची, असे दिवस तिने काढले. ती मिलोची भाकरी थापताना कशी फुटे, हे ती हातवारे करून सांगे. पुढे घरात सुबत्ता आली. पण अखेरपर्यंत तिच्या उशाशी फडक्यात बांधलेला भाकरीचा एक तुकडा असायचाच. आम्ही पोरे त्यावरून तिला चिडवीत असू. पानात शीत उरले तर ती बोलत नसे, फक्त त्या शिताकडे बघत बसे. अशा बाईच्या नातवाने रात्री कोंबून कोंबून खावे आणि मग पोट धरून रडावे! भुकेने रडलेल्यांच्या घरात हे रडणे कुणाला सांगायचे? ज्याला खायला मिळत नाही तो दुःखी, हे साऱ्या जगाला पटते. ज्याला खाणे थांबवता येत नाही त्याला जग एवढेच म्हणते, 'मग नको खाऊस.'

आता ज्या प्रसंगासाठी मी हा लेख लिहायला घेतला, त्याकडे येतो.

माझा खोलीतला सोबती माण तालुक्यातला. 'नाव लिहू नकोस, बाकी काय लिहायचे ते लिही,' असे त्याने बजावले आहे. त्याच्या गावचे पावसाशी वैर आहे. थोडी बाजरी, थोडी मटकी, चार शेळ्या, असा त्याचा संसार. दर महिन्याच्या आरंभी त्याची आई गावाकडून येणाऱ्या कुणाच्या तरी हाती पत्र्याचा एक डबा पाठवी. त्यात शेंगदाण्याचे, गुळाचे लाडू असत, मोजून तीस. रोज सकाळी अभ्यासाला बसण्यापूर्वी एक लाडू खायचा, असा माउलीचा दंडक होता, आणि हा आज्ञाधारक मुलगा तो पाळीत असे. माझ्यापुढेही डबा करी. मी "उपास आहे" म्हणत असे.

फेब्रुवारी २०२४ मधली गोष्ट. दिवसभराचा निरंकार उपास झाला होता. त्या दिवशी घरून फोन आला होता. वडिलांच्या कर्जाविषयी काहीतरी बोलणे झाले होते. रात्री दीडच्या सुमाराला मी उठलो. माझ्याजवळ खायला काही नव्हते. दुकाने बंद होती. त्याच्या टेबलाखाली तो डबा होता.

एक, फक्त एक, असे म्हणून मी झाकण उघडले. पत्र्याचे झाकण करकरू नये म्हणून बनियनमध्ये धरून उघडले. डब्यात चोवीस लाडू होते. तेव्हा मी मोजले नव्हते, हिशेब दुसऱ्या दिवशी केला. अंधारात जमिनीवर बसून मी ते लाडू खाल्ले. त्याच्या श्वासाचा आवाज ऐकू येत होता. प्रत्येक लाडवाला मी 'हा शेवटचा' म्हणत होतो, आणि ते खोटे आहे हे त्याच क्षणी मला कळत होते. डब्याच्या तळाला पाचच लाडू उरले तेव्हा मी झाकण लावले. का थांबलो? पाच शिल्लक ठेवल्याने चोरी लपेल असे वाटले की काय, कोण जाणे. पंगतीत मला लोक भीम म्हणत. पण भीम उजळ माथ्याने बसून जेवला, आणि इतरांच्या वाट्याचे खाई तो बकासुर. त्या रात्री मी या दोघांपैकी कोण होतो, हे कुणी सांगायला नको होते.

सकाळी त्याने नेहमीप्रमाणे डबा उघडला. मी पांघरुणातून पाहत होतो. तो डब्यात पाहत थोडा वेळ तसाच बसला. मग त्याने एक लाडू काढला, खाल्ला, झाकण लावले, आणि पुस्तक उघडले. माझ्याकडे त्याने पाहिलेसुद्धा नाही. तो ओरडला असता, मला चोर म्हणाला असता, तर मी त्याचे पाय धरले असते. पण तो काहीच बोलला नाही.

संध्याकाळी मी जिन्याने वर येत होतो. तो व्हरांड्यात उभा राहून आईशी फोनवर बोलत होता. त्याचा फोन नेहमी स्पीकरवरच असे. तो म्हणत होता, "लाडवाला मुंग्या लागल्या गं आई. टाकून द्यावं लागलं."

"आरं देवा! समदं?" तिकडून आवाज आला. "मग ताटलीत पानी घालून त्यात डबा ठिवायचा न्हाय का? येवढं शिकलास तरी कळंना हुय?"

"व्हय, चुकलंच," तो म्हणाला. "आता ठिवतो."

मी पाऊल न वाजवता खाली उतरलो आणि तासभर मैदानाला फेऱ्या मारीत राहिलो. रात्री खोलीत आलो तेव्हा तो डबा टेबलाखालून वर, टेबलाच्या मधोमध आला होता. खाली स्टीलची ताटली, ताटलीत पाणी. आमच्या खोलीत तेव्हा एकही मुंगी नव्हती. त्या दिवसापासून त्याने आणखी एक गोष्ट सुरू केली. दुपारी चार वाजता तो चहा आणी आणि म्हणे, "ऊठ मर्दा, च्या घे. कायतरी खा संगट." पुढचा डबा आला तेव्हा एक लाडू तो घेई, अर्धा मोडून माझ्यापुढे ठेवी. मी 'उपास आहे' म्हटले तर म्हणे, "देवाला मी सांगतो."

जुलै २०२४ मध्ये आम्ही तृतीय वर्षात गेलो. अपसामान्य मानसशास्त्राच्या तासाला मॅडम खाण्याच्या विकारांवर बोलत होत्या. या विषयाची आम्हा मुलांची समजूत अशी की, हे श्रीमंत घरच्या मुलींचे बारीक होण्याचे वेड. मी मागच्या बाकावर बसून वहीत रेघोट्या ओढीत होतो. मॅडमनी फळ्यावर एक विकाराचे नाव लिहिले, 'बिंज ईटिंग डिसऑर्डर', आणि लक्षणे सांगू लागल्या. थोड्या अवधीत, समजा दोन तासांत, इतर कुणी खाणार नाही एवढे खाणे. ते चालू असताना आपला ताबा सुटला आहे असे वाटणे. नेहमीपेक्षा फार भराभर खाणे. पोट दुखेपर्यंत खाणे. भूक नसताना खाणे. लाजेमुळे एकट्याने खाणे. आणि नंतर स्वतःची किळस येणे. आठवड्यातून निदान एकदा, असे तीन महिने. माझी लेखणी थांबली. कुणीतरी माझ्या खोलीच्या खिडकीतून रात्रभर पाहून हे सारे टिपून घेतले असावे, असे मला वाटले. कानशिले तापली. पण त्याचबरोबर आणखी काहीतरी झाले. ज्याला नाव आहे ते आपल्या एकट्याचे नाही, एवढे माझ्या ध्यानात आले.

त्या आठवड्यात ग्रंथालयात मिळाले तेवढे सारे मी वाचून काढले. अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञ अल्बर्ट स्टंकार्ड यांनी १९५९ साली प्रथम आपल्या काही स्थूल रुग्णांमधील या अनावर खाण्याचे वर्णन केले. पण वैद्यकशास्त्राला ते स्वतंत्र विकार म्हणून मान्य व्हायला अर्धे शतक लागले. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या विकारसूचीच्या १९९४ च्या आवृत्तीत तो परिशिष्टात, 'अधिक अभ्यास व्हावा' अशा यादीत होता; २०१३ च्या आवृत्तीत त्याला स्वतःचे पान मिळाले. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या वर्गीकरणातही तो आहे. खाऊन मुद्दाम ओकून टाकणे, जुलाब घेणे, हा जो बुलिमिया नावाचा विकार, त्याहून हा वेगळा. इथे खाल्लेले उलटून टाकण्याची नियमित धडपड नसते. हा केवळ स्थूल माणसांचा रोग नाही आणि केवळ मुलींचाही नाही. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका मोठ्या पाहणीत शंभरांत साडेतीन स्त्रियांना आणि दोन पुरुषांना आयुष्यात कधी ना कधी हा विकार झालेला आढळला.

पण माझ्या मनावर सर्वांत परिणाम केला तो एका जुन्या प्रयोगाने. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ मध्ये, मिनेसोटा विद्यापीठात अॅन्सेल कीज या शास्त्रज्ञाने छत्तीस धडधाकट तरुणांना चोवीस आठवडे अर्धपोटी ठेवले. युद्धाला नकार देणारे हे तरुण स्वखुशीने प्रयोगात आले होते. त्यांचे वजन सुमारे चतुर्थांशाने घटले. पण मनाचे काय झाले? ती चांगली शहाणी माणसे रात्रंदिवस अन्नाचाच विचार करू लागली. पाककृतींची पुस्तके वाचीत बसली. ताटे चाटू लागली. आणि प्रयोग संपून भरपूर अन्न मिळू लागले, तेव्हा त्यांतले कित्येक प्रचंड खात सुटले; पोट तुडुंब भरले तरी त्यांना तृप्ती म्हणून वाटेना. हे वाचताना मला आजीच्या उशाशी असलेला भाकरीचा तुकडा आठवला. भूक पोटातून गेली तरी मनातून जात नाही. आजीवर ती उपासमार दुष्काळाने लादली होती. माझ्यावर ती मीच लादून घेत होतो. प्रत्येक अनावर रात्रीची शिक्षा म्हणून मी उपास करीत होतो, आणि तो उपासच पुढच्या रात्रीची तयारी करीत होता. सगळ्यांच्याच बाबतीत विकाराचा प्रारंभ उपासाने होतो असे नाही. काहींना आधी तो जडतो आणि मग ते उपाशी राहू लागतात. अनुवंश, काळजी, एकटेपणा, देहाविषयीची लाज, असे पुष्कळ धागे त्यात गुंतलेले असतात. पण माझी गाठ कुठे बसली होती, ते मला दिसले.

दिसले म्हणजे सुटले, असे मात्र नव्हे. मी आधी एका डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी मला काट्यावर उभे केले, आकडा पाहिला आणि हसत म्हणाले, "तोंडाला कुलूप घाल, बाकी तुला काही झालेलं नाही." त्या रात्री मी पुन्हा खाल्ले. पहाटे चार वाजता, आधीच्या कोणत्याही रात्रीपेक्षा अधिक घाबरून, मी १४४१६ हा क्रमांक फिरवला. 'टेलि-मानस' ही सरकारी दूरध्वनी सेवा २०२२ च्या ऑक्टोबरात सुरू झाली आहे. मानसिक त्रासासाठी ती मोफत आहे आणि मराठीत बोलता येते. पलीकडच्या बाईंनी मला वजन विचारले नाही. त्यांनी विचारले, "किती दिवसांपासून एकटे सहन करताय?" मला उत्तर देता येईना. त्यांनीच मला सरकारी रुग्णालयातील मानसोपचार विभागात जायला सांगितले.

तिथल्या समुपदेशकांनी पहिल्याच दिवशी जे सांगितले, ते ऐकून मी चकित झालो. मला वाटले होते, खाणे कमी करायला सांगतील. ते म्हणाले, "उपास बंद. सकाळी न्याहारी, दुपारी जेवण, चार वाजता काहीतरी, रात्री जेवण. रात्री कितीही खाल्लं असलं तरी दुसऱ्या दिवशी न्याहारी चुकवायची नाही." या विकारावर बोधात्मक वर्तन उपचार नावाची जी पद्धत वापरतात, तिचा पायाच नियमित खाणे हा आहे. तीन-चार तासांच्या वर पोट रिकामे राहू द्यायचे नाही. जोडीला एक वही. काय खाल्ले, कधी, कुठे, आणि त्या वेळी मनात काय होते, ते खाल्ल्याबरोबर लिहायचे. कॅलरी मोजायच्या नाहीत. काट्यावर आठवड्यातून एकदाच उभे राहायचे. 'हे कधीच खाणार नाही' अशी यादी करायची नाही. आणि ती लाट आली की पंधरा मिनिटे काहीतरी करायचे, जिना चढायचा-उतरायचा, कुणाला तरी हाक मारायची. कारण लाट चढते तशी उतरतेही. मला हे पूर्वी कधीच कळले नव्हते, कारण ती उतरेपर्यंत मी कधी थांबलोच नव्हतो.

वहीची पाने उलटली तेव्हा मला एक गोष्ट दिसली. घरून फोन आला आणि कर्जाचे बोलणे झाले, की त्या रात्री हमखास पान भरलेले असे. मला भूक लागत नव्हती. भीती वाटत होती. पण आमच्या घरात पुरुषांनी भीती वाटते असे म्हणायची पद्धत नाही. भूक लागली म्हणायची आहे.

ऑक्टोबरात एके दिवशी, चार वाजताच्या चहाला, मी सोबत्याला म्हणालो, "फेब्रुवारीत तुझे लाडू मी खाल्ले. एकोणीस."

तो चहा पीत राहिला. मग म्हणाला, "मला ठाव हाय. मी जागाच हुतो."

"मग उठला का नाहीस?"

"तू रडत हुतास लेका," तो म्हणाला. "रडत रडत खाणाऱ्या मानसाच्या हातातनं कसं काढून घ्यायचं?"

मी रडत होतो, हे मला त्या क्षणापर्यंत ठाऊक नव्हते.

दिवाळीच्या सुट्टीत आईला सारे सांगितले. तिला पटकन कळले नाही. "म्हणजे मी तुला लहानपणी जास्त खायला घातलं, असं म्हणतोस का?" असे तिने दोनदा विचारले, आणि मला तिसऱ्यांदाही "नाही गं" म्हणावे लागले. निघताना तिने नेहमीप्रमाणे भला मोठा फराळाचा डबा भरला, मग थबकली, निम्मा काढून ठेवला, पुन्हा भरला, आणि शेवटी डबा तसाच माझ्यापुढे धरून म्हणाली, "किती घालू, तूच सांग." मलाही ते सांगता येईना. आम्ही दोघे त्या डब्याकडे पाहत उभे राहिलो. शेवटी, मित्राच्या वाट्याचे धरून, भरलेलाच आणला.

मी पूर्ण बरा झालो आहे, असे लिहिले तर लेखाचा शेवट गोड होईल. पण ते खरे नाही. गेल्या तीन महिन्यांत चार रात्री तशा गेल्या. पूर्वी तेवढ्या दोन आठवड्यांत जात. वजन फारसे उतरलेले नाही, आणि समुपदेशक म्हणतात की सध्या त्याची चिंता नको. एवढे मात्र खरे की, त्या चारही रात्रींनंतर सकाळी मी मेसमध्ये जाऊन पोहे खाल्ले, आणि 'उद्यापासून' हा शब्द उच्चारला नाही.

हा अंक आपल्या महाविद्यालयातच वाचला जाणार. तो हाती पडेल तेव्हा मी कोण हे पुष्कळांना कळेल. काहीजण मेसमध्ये माझ्या ताटाकडे पाहतील. पाहोत. आपल्या वसतिगृहात पिशवी लपवून जिना चढणारा मी एकटाच असेन, असे मला वाटत नाही. तसा कुणी हे वाचत असेल तर त्याला एवढेच सांगतो: आज जे काही झाले असेल ते होवो, उद्याची न्याहारी चुकवू नकोस. आणि ज्याला असा सोबती असेल, त्याने त्याला दुपारी चार वाजता चहाला हाक मारावी. कारण विचारू नये.

आमच्या टेबलावर लाडवाचा डबा अजून पाण्याच्या ताटलीतच असतो. आता मुंग्यांचे दिवस आले आहेत, आणि त्या खरोखरच ताटलीच्या काठापर्यंत येतात. पाणी घालायचे काम माझ्याकडे आहे.

— तृतीय वर्ष, कला